नावं ठेवायचं काम

मंगल कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी असते, हे मला यवतमाळात असताना कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पुण्यात आले, दोन मोठ्या कंपन्यांनी मला शेवटच्या फेरीपर्यंत नेऊन परत पाठवलं, आणि एका सोमवारी मी नारायण पेठेत, लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सरांसमोर बसले होते.

सर म्हणजे कंपनीचे मालक. साठीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा की समोरच्यानं नुकताच त्यांचा वेळ फुकट घालवला आहे. त्यांनी माझा बायोडेटा वाचला. सगळा नाही, पत्ता वाचला.

"यवतमाळ. म्हणजे वऱ्हाड."

"हो सर."

"आमचं सॉफ्टवेअरही वऱ्हाडाचंच. उद्यापासून या."

हा विनोद होता, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं.

ऑफिसात आम्ही तिघंच. सर, मी, आणि मुळशीकडचे एक सहकारी, जे कार्यालयांचे फोन घ्यायचे. आमचं सॉफ्टवेअर लग्नाचं बुकिंग घ्यायचं, मुलाकडची माणसं किती, मुलीकडची किती ते विचारायचं, आणि त्यावरून कुणाला कोणत्या खोल्या, कुणाकडे नाश्ता किती पाठवायचा, हे ठरवून लग्नाच्या दिवशी सकाळी एक कागद छापून द्यायचं. कार्यालयातले लोक त्या कागदाबरहुकूम किल्ल्या वाटायचे. सगळा प्रोग्रॅम सरांनी एकट्यानं लिहिलेला. आता डोळ्यांना त्रास होतो म्हणून तो त्यांना माझ्या स्वाधीन करायचा होता.

प्रोग्रॅम लिहिताना त्यातल्या प्रत्येक आकड्याला आणि प्रत्येक कामाला एक नाव द्यावं लागतं. अक्षरं इंग्रजी, पण शब्द कुठलाही चालतो. मशीनला त्या नावाशी काही घेणंदेणं नसतं. माणसांच्या संख्येला 'माणसं' म्हणा नाहीतर 'वांगी' म्हणा, बेरीज तीच येते. सरांनी या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला होता. आकड्यांची नावं 'अ', 'ब', 'अअ', 'अब'. अक्षरांचा कंटाळा आला तिथे 'तात्पुरतं', मग 'तात्पुरतं दोन', मग 'हे शेवटचं' आणि त्याच्या खाली 'हे खरंच शेवटचं'. एका कामाचं नाव नुसतं 'करा'. काय करा, ते आत जाऊन बघायचं. आणि एका ठिकाणी 'जिलबी'.

"सर, जिलबी म्हणजे काय?"

"तुमच्याकडे करत नाहीत?"

"नाही, म्हणजे करतात. ही कोडमधली."

त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं. "गुरुवारी लिहिलेलं दिसतंय," ते म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले. त्यांच्या गुरुवारच्या डब्यात काय असायचं हे मी पुढे विचारलं नाही. तीन दिवस खोदकाम केल्यावर कळलं की मांडववाल्याला निरोप गेला की नाही याची ती खूण होती. गेला असेल तर जिलबी आहे, नसेल तर जिलबी नाही.

'तपासा' नावाचं एक काम होतं. नाव इतकं सरळ की मी विश्वासानं चालवलं. ते तपासत नव्हतं. जुनी बुकिंगं पुसत होतं. सरावासाठी मी जी खोटी लग्नं भरून ठेवली होती ती सगळी एका क्षणात मोडली. सहकारी खुर्ची सरकवत जवळ आले आणि स्क्रीनकडे बघून म्हणाले, "म्याडम, ते 'तपासा' हाय ना, त्याला हात लावायचा नसतो."

"मग त्याचं नाव 'तपासा' का आहे?"

"आधी तपासायचं ते. मग सरांनी सुधारलं."

त्या रविवारी मी एका जुन्या मैत्रिणीच्या आग्रहानं एका व्याख्यानाला गेले. विषय होता, दुसऱ्याचा प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून त्यातल्या शंका काढणारा प्रोग्रॅम. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. तो नुसती गणितं बघत नाही, नावंही वाचतो. म्हणजे एखादं काम म्हणत असेल की मला आधी लांबी द्या आणि मग रुंदी, आणि कुणी त्याला आधी 'रुंदी' नावाचा आकडा दिला, तर मशीन निमूटपणे हिशोब करून मोकळं होतं, पण हा प्रोग्रॅम हात वर करतो आणि विचारतो, तुम्हाला नक्की हेच म्हणायचंय ना? लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, याचा पुरावा बऱ्याचदा फक्त नावात असतो, असं ते व्याख्याते म्हणाले. मला लगेच जिलबी आठवली.

सोमवारी मी सरांना सांगितलं. फुकट आहे आणि कोडला हात लावत नाही, नुसतं वाचतं, हे दोन्ही ऐकल्यावर ते म्हणाले, "वाचू दे. निदान कुणीतरी नीट वाचेल."

आम्ही तिघांनी मिळून त्याचं नाव 'परीक्षक' ठेवलं आणि तो चालवला. तो एवढा सगळा कोड वाचत गेला आणि शेवटी एक ओळ आली: कोणतीही शंका नाही.

सरांनी ती ओळ छापून घेतली आणि भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी चिकटवली. दोन पावलं मागे सरकून पाहिली, कागद किंचित तिरका होता तो सरळ केला. "निष्कलंक," ते म्हणाले. चहा त्या दिवशी त्यांच्याकडून होता, हे सहकाऱ्यांच्या मते ऐतिहासिक होतं.

मला मात्र चहा गोड लागेना. परीक्षकाला शंका नव्हती कारण त्याला काही कळलंच नव्हतं. 'अ'च्या जागी 'ब' दिला तर तो काय म्हणणार? दोन्ही आकडे, दोन्ही मुके. हे मी सरांना शक्य तितक्या आदरानं सांगितलं. तोंडावर बुरखा घेऊन आलेल्या माणसाला ओळखपरेडीत कुणी ओळखलं नाही म्हणजे तो निर्दोष ठरत नाही, असंही बोलून गेले आणि जीभ चावली.

सरांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला माझ्या कोडला नावं ठेवायची आहेत."

"हो सर. म्हणजे नाही सर. म्हणजे नवीन नावं."

"ठेवा," ते म्हणाले. "पुण्यात त्याला परवानगी लागत नाही."

मी कामाला लागले. रोज एक फाईल घ्यायची, आत प्रत्येक आकडा काय मोजतो ते शोधायचं आणि त्याला शोभेल असं नाव द्यायचं. सगळ्यात आधी घेतले 'अ' आणि 'ब', कारण ते जागोजाग होते. 'अ' म्हणजे मुलाकडची माणसं, 'ब' म्हणजे मुलीकडची. मी इंग्रजी अक्षरांत 'मुलाकडचे' आणि 'मुलीकडचे' असं लिहिलं, समाधानानं परीक्षक चालवला आणि स्क्रीन भरून शंका आल्या. इंग्रजीत त्या दोन शब्दांत फक्त एका अक्षराचा फरक होता. परीक्षकाला वाटलं, या बाईला टायपिंग येत नाही. प्रत्येक ओळीवर तो विचारत होता की तुम्हाला बहुधा दुसरंच म्हणायचं असेल.

"बदला," सर म्हणाले. "सरळ 'वर' आणि 'वधू' लिहा. शुद्ध, सुटसुटीत."

"आमच्याकडे नवरदेव आणि नवरी म्हणतात."

"कळलं. पण कार्यालयं पुण्यात आहेत."

'वधू' बसली. 'वर' लिहिला आणि प्रोग्रॅम चालायचाच बंद झाला. आम्ही वापरत होतो त्या भाषेनं व्ही-ए-आर ही तीन अक्षरं स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेली असतात, दुसऱ्या कुणाला ती नाव म्हणून घेता येत नाहीत, हे मला माहीत होतं. ते वराच्या अंगावर येईल हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. सरांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे लग्नाच्या सॉफ्टवेअरमध्ये वधूला जागा आहे आणि वराला नाही."

"तसंच म्हणावं लागेल सर."

"चांगलंय. बाहेर वेगळं काही चालत नाही."

शेवटी 'वरपक्ष' आणि 'वधूपक्ष' यावर एकमत झालं. मी सगळीकडे तेच केलं. मग हळूहळू बाकीचे. 'जिलबी'चं 'मांडव निरोप गेला' झालं. 'तपासा'चं 'जुनं पुसा' झालं, तेव्हा सहकाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. 'हे खरंच शेवटचं' कुठेच वापरात नव्हतं, ते काढून टाकलं.

जसजशी नावं येत गेली तसतसा परीक्षक बोलायला लागला. त्याचं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्यामुळे सुरुवातीला तो काहीही बोलायचा. आम्ही रुखवत आणि आहेराच्या व्यवस्थेला 'मानपान' असं नाव दिलं होतं. त्यानं ते मधून तोडलं, 'मॅन' आणि 'पॅन' असं वाचलं आणि कळवलं की माणूस आणि तवा यांचा इथे संबंध दिसत नाही. सरांनी ते वाचून पहिल्यांदाच परीक्षकाबद्दल बरा शब्द काढला. "याला लग्नातलं काही कळत नाही," ते म्हणाले, "पण मुद्दा बरोबर आहे."

असल्या शंका बाजूला काढत काढत एक दिवस मी एका ओळीपाशी थांबले. लग्नाची तारीख बदलली की जे काम चालतं, त्यातली ओळ. ते काम आतून 'खोल्या वाटा' या दुसऱ्या कामाला हाक मारायचं. 'खोल्या वाटा' म्हणायचं, आधी वरपक्षाचा आकडा द्या, मग वधूपक्षाचा. आणि ही ओळ द्यायची आधी वधूपक्ष, मग वरपक्ष. परीक्षकानं नम्रपणे विचारलं होतं की क्रम उलटा झालाय का?

झाला होता. म्हणजे लग्न ठरल्या दिवशी झालं तर सगळं ठीक, पण तारीख पुढे गेली की मुलाकडची माणसं मुलीकडे मोजली जायची आणि मुलीकडची मुलाकडे. मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले. नावं द्यायच्या आधी ही ओळ मी निदान वीसदा वाचली होती. 'ब' आणि 'अ'. त्यात डोळ्याला खटकण्यासारखं काय होतं?

"शक्य नाही," सर म्हणाले. "दोन वर्षांत एक तक्रार नाही."

"पण सर, हे बघा ना."

त्यांनी खालच्या दुकानातून आलेली एक बाद झालेली पत्रिका घेतली आणि तिच्या पाठीवर हातानं सगळा हिशोब मांडला. मांडून झाल्यावर पत्रिका सरळ केली, वरवधूंची नावं वाचली, परत उलटी केली.

"हे यंत्राला एका मिनिटात कळलं," ते म्हणाले. "मग आपण इतके आठवडे इथे काय करत होता?"

हे अभिनंदन होतं. तोवर मी पुण्यात पुरेशी रुळले होते, मला ते बसची वाट न बघताच कळलं. आम्ही चूक दुरुस्त केली, सगळ्या कार्यालयांच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती गेली, आणि त्या संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं की मी एक चूक पकडली. "कोणाची?" आईनं विचारलं. "मालकाची," म्हटल्यावर ती काळजीत पडली.

मग लग्नाचा हंगाम आला. एका सकाळी मी ऑफिसात पोचले तर सहकारी फोन कानापासून लांब धरून उभे होते आणि तरीही पलीकडचा आवाज मला जिन्यात ऐकू आला होता.

"स्वारगेटच्या पुढचं कार्यालय हाय," ते म्हणाले. "म्यानेजर बाई. सरांना घेऊन या म्हणतायत. आत्ताच्या आत्ता."

सरांच्या स्कूटरवरून आम्ही गेलो. सर गाडी चालवताना बोलत नाहीत, पण सिग्नलला एकदा मान वळवून त्यांनी विचारलं, "आपण नक्की काय दुरुस्त केलं?"

कार्यालयाच्या दारातच कळलं. मुलाची सुट्टी मंजूर न झाल्यानं पुढे ढकललेलं लग्न होतं. मुलाकडची जेमतेम पंधरा माणसं, सगळी बाहेरगावची, आणि मुलीकडचा गोतावळा दीडशेचा. ती पंधरा माणसं वरच्या मजल्यावर सगळ्या खोल्या आणि मोठा दिवाणखाना घेऊन ऐसपैस बसली होती, आणि त्यांच्यासमोर उपम्याची दोन पातेली होती, अशी की त्यात मूल पोहलं असतं. खाली दोन लहान खोल्यांत मुलीकडची सगळी वस्ती. व्हरांड्यात बॅगा, बॅगांवर मुलं, एका करवलीची साडी दारात अडकलेली, आणि नाश्त्याच्या छोट्याशा पातेल्याभोवती काका लोकांची गंभीर चर्चा.

मॅनेजर बाई जिन्यात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, किल्ल्यांचा जुडगा कमरेला.

"या," त्या सरांना म्हणाल्या. "आपलीच वाट बघत होते."

"कागद बघू," सर म्हणाले.

मी कागद घेतला. कागद बरोबर होता! वधूपक्ष, वरचा मजला. वरपक्ष, खालच्या दोन खोल्या. मी तो बाईंना दाखवला. "बाई, यात तर बरोबर लिहिलंय. मग तुमच्या माणसांनी उलटं का केलं?"

"बरोबर लिहिलंय, हेच तर कळायला मार्ग नव्हता," बाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी असंच एक पुढे ढकललेलं लग्न होतं, त्यात तुमच्या कागदानं घोळ घातला. तेव्हापासून माझ्या माणसांना सांगून ठेवलंय. कागदावर 'बदललेली तारीख' असं दिसलं की खालचं सगळं उलटं वाचायचं. दोन वर्षं एकही लग्न बिघडलं नाही. आज कागद अचानक सुलटा आला."

सरांचा आवाज चढला. "अहो, पण आपण तेव्हा मला सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. आपण 'बघतो' म्हणालात. बघत असाल म्हणून मी थांबले."

सर जिन्यावरून वर पाहत म्हणाले, "माणसं हलवू या."

माणसं हलेनात. वरच्या मजल्यावर मुलाचे एक मामा होते, ते पलंगावर पाय पसरून बसलेले. आम्ही वर चढवलेल्या पाहुण्यांना खाली उतरवायला आलो आहोत हे कळल्यावर ते म्हणाले, "आम्ही मागितल्या होत्या का एवढ्या खोल्या? तुम्हीच किल्ल्या दिल्या. आता मुलाकडच्यांना खाली पाठवताय? मुहूर्ताच्या आधी?" त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून सगळ्यांनाच ते आणखी अवघड गेलं.

सर पुढे झाले. सरांचं नेहमीचं एक वाक्य ते लग्न मोडायला पुरेसं होतं. पण ते मामांच्या शेजारी बसले, उपम्याच्या पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "हे सगळं संपवायचा विचार आहे का आपला?"

मामांनी पातेल्याकडे पाहिलं. मग हसले. मग म्हणाले, "बोलवा वर सगळ्यांना."

मग माणसं हलवायच्या ऐवजी आम्ही त्यांना एकत्र केलं. मुलीकडचे सगळे वर आले, दिवाणखान्यात सतरंज्या पसरल्या, दोन्हीकडच्यांनी लग्नाच्या आधीच एकमेकांना आग्रह करकरून उपमा वाढला. मी आणि सर बॅगा उचलत होतो. सरांनी डोक्यावर एक ट्रंक घेतली होती आणि ती रुखवताची आहे, जपून, असं तीन बायका त्यांना एकाच वेळी सांगत होत्या. एका आजोबांनी माझ्या हातात बशी दिली आणि विचारलं, "बाळ, तू कोणाकडची?"

"सॉफ्टवेअरकडची," मी म्हटलं.

"असं का," ते म्हणाले. "मुलाच्या आत्याकडचे ना ते?"

लग्न मुहूर्तावर लागलं. बाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना त्या सरांना म्हणाल्या, "आता कागद कसा वाचायचा ते एकदा नक्की सांगा. सुलटा की उलटा?"

"सुलटा," सर म्हणाले. "कायमचा."

"लिहून द्या."

त्यांनी खरोखर लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः प्रत्येक कार्यालयाला फोन लावला आणि विचारलं की तारीख बदललेल्या लग्नात आपण काही वेगळं करता का. कोथरूडच्या एकानं सांगितलं की तारीख बदललेली लग्नं आमच्याकडे लाभत नाहीत, म्हणून आम्ही ती घेणंच बंद केलंय. सरांनी फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला. आणखी एका कार्यालयानं सांगितलं की असं काही असतं हेच त्यांना माहीत नाही, कारण त्यांच्याकडे कागद कुणी वाचत नाही. हे ऐकून मात्र सर कोथरूडच्यापेक्षा जास्त दुखावले.

मला वाटलं होतं की इतकं झाल्यावर नावांचं काम थांबवायला सांगतील. घडलं उलट. भिंतीवरचा तो कागद त्यांनी स्वतः काढला, घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि दुपारी माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसले. त्यांनी एका नव्या कामाला नाव दिलं. मराठीत ते असं होतं: 'तारीख बदलल्यावर वरपक्षाची माणसं आधी आणि वधूपक्षाची नंतर मोजा'. ते स्क्रीनच्या बाहेर गेलं. परीक्षकानं लगेच कळवलं की नाव फार लांब आहे.

"आखूड ठेवलं तर ह्याला समजत नाही, सविस्तर ठेवलं तर झेपत नाही," सर म्हणाले आणि नाव तसंच ठेवलं.

आता ते माझा कोड छापून घेतात आणि लाल पेनानं तपासतात. गेल्या आठवड्यात मी एका ठिकाणी नुसतं 'यादी' असं लिहिलं होतं. कागद परत आला, त्यावर लाल अक्षरांत एकच शब्द: "कसली?" मी 'भांड्यांची यादी' केलं. कागद पुन्हा आला: "आलेल्या की गेलेल्या?" मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, सर, मलाही नीट सांगता येत नाहीये. ते म्हणाले, "मग आधी ते ठरवा, नाव आपोआप सुचेल." ठरवायला बसले तेव्हा लक्षात आलं की मी दोन्ही प्रकारची भांडी एकाच यादीत भरत होते. मी एकीच्या दोन याद्या केल्या, चहा सांगितला आणि पुढच्या फाईलकडे वळले.